यंदाचं प्रशिक्षण

ताई, तुला नमस्कार. आईला म्हणावं, पाया पडतो.

मी इकडे मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? भाओजींच्या नोकरीचं काही जमलं का?

वेल्डिंगच्या कोर्सचं तू विचारलंस. कंपनी दरवर्षी प्रत्येकाच्या एका प्रशिक्षणाचा खर्च करते, म्हणून मी अर्ज दिला होता. तेवढ्यात कोणीतरी गेटजवळ सायकलवरून पडला आणि नवे नियम आले. गेटच्या आत सायकल हातात धरून चालायचं, आणि सायकलने येणाऱ्या प्रत्येकाने आधी सायकलचं प्रशिक्षण घ्यायचं. कसलं डोंबलाचं प्रशिक्षण! तू कॅरिअर धरून मागे धावायचीस, त्याला इथे किंमत नाही. टाय लावलेल्या एका माणसाने मला ब्रेक कुठे असतो ते दाखवलं.

आता साहेब म्हणतात, "तुझं यंदाचं प्रशिक्षण झालं की! वेल्डिंगचं पुढच्या वर्षी बघू." वर सर्टिफिकेट हातात देऊन फोटो काढला. मीही दात काढले, करतो काय?

फोटो सोबत पाठवलाय. डोक्यावरचं हेल्मेट बघून आईला वाटेल, पोरगा वेल्डर झाला. वाटू दे. तू काही बोलू नकोस.

तुझा धाकटा