उशीचे अभ्रे आणि एक डबी

सोमवार, ३ मार्च
वन्संना पुन्हा रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, "आतड्याचा जुनाट आजार दिसतोय. तसं असेल तर औषध जन्मभराचं. पण आधी शौचाची तपासणी करू. आमांशाचे जंतू निघाले तर सुटलात!"
जंतू निघू देत म्हणून देवाला हात जोडायची वेळ आली! शिलाईचं दुकान आम्हा दोघींचं – कापायचं मी, शिवायचं वन्संनी. पंधरवडा झाला, मशीन झाकलेलंच आहे. बघवत नाही.

मंगळवार, ४ मार्च
नमुना अर्ध्या तासात लॅबमध्ये हवा. थंड झाला की जंतू ओळखू येत नाहीत. वन्सं म्हणाल्या, "हे असलं हातात धरून गावभर मिरवायचं?"

बुधवार, ५ मार्च
काय हा घोळ! वन्संनी लाजेपायी डबी खाकी कागदात गुंडाळली, वर दोरा बांधला – गिऱ्हाइकाला देतो अगदी तश्शी. शेजारीच शाळेतल्या गणिताच्या बाईंच्या, आजारपणाआधी शिवून ठेवलेल्या अभ्र्यांचं पुडकं. हे कामावर जाता जाता दोन्ही पोचवून गेले. लॅबमध्ये अभ्रे. आणि बाईंच्या हातात...!
लॅबवाल्याचा फोन आला. वन्संनी पांघरूण डोक्यावरून ओढलं. "आता दुकानाला कुलूप लाव तू!"
पण बाई! कागद सोडला, डबीवरची 'अर्ध्या तासात लॅबमध्ये' ही चिठ्ठी वाचली, आणि पायात चपला अडकवून थेट लॅबमध्ये. लॅब त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे म्हणून बरं. वेळेत पोचल्या, डबी देऊन अभ्रे घेतले, आणि जंतू सापडले! दहा दिवसांच्या गोळ्या, बस्स. संध्याकाळी बाई स्वतः हे सगळं सांगायला आल्या. वर म्हणतात, "अभ्रे झकास शिवलेत हो."
किती उपकार मानू या बाईंचे! रडू आणि हसू एकदमच आलं.

शनिवार, ८ मार्च
वन्संनी आज पुन्हा वाढून मागितलं!

बुधवार, १२ मार्च
डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलं होतं. ह्यांच्यात काही नाही. जंतू माझ्या पोटात! मला तर कधी साधी कळसुद्धा आली नाही. स्वयंपाक सगळा माझ्या हातचा. आजारपणात वन्संना घास भरवले तेही मीच.
तोंड वर करवेना. वन्सं माझी गोळी आणि पाणी घेऊन समोर बसल्या. म्हणाल्या, "तू नसतीस तर भरवायला तरी कोण होतं गं मला?"