सकाळी जाऊन सांगायचं असतं

वेंची, घाना
रविवार, १२ जानेवारी १९९२

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,
वासूचा साष्टांग नमस्कार. इकडे धूळ वगळता सर्व क्षेम.

पाकिटावर दादाचं नाव नसून तुमचं आहे, ही पोस्टमनची चूक नव्हे. मला एक तक्रार गुदरायची आहे, आणि प्रतिवादी खुद्द दादा असल्यामुळे ती त्याच्यापुढेच मांडणं न्यायाला धरून होणार नाही.

तक्रार अशी. दादाच्या गेल्या तीन पत्रांत सहीच्या खाली तीन बोटं कागद कोरा सुटलेला आहे. मी मोजपट्टी लावून खात्री केली. जो गृहस्थ आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरतो, त्याने परदेशी टपालाच्या कागदाची अशी उधळपट्टी करावी हे अशोभनीय आहे. सतरा वर्षं त्या जागेत तुमच्या दोन ओळी असत. 'भाऊजी, तब्येत सांभाळा. मेतकूट पाठवलं आहे, मुंग्या लागू देऊ नका.' मजकूर नेहमी हाच. मेतकुटाच्या जागी कधी लोणचं, कधी आईंचा निरोप, एवढाच पाठभेद. ऑगस्टात आईचं तेरावं उरकून मी परत आलो, तेव्हापासून त्या ओळी बंद आहेत. मी विचारलं तर दादा लिहितो, 'ही कामात आहे.' चार महिने अखंड चालणारं हे कोणतं काम, याबद्दल शास्त्रात काही सापडत नाही.

असो. आधी इकडची हकीकत सांगतो.

सध्या उत्तरेकडून कोरडा वारा सुटला आहे. वाळवंटाची पिठासारखी धूळ घेऊन येतो आणि ती सगळी शिलाई मशिनींच्या शटलमध्ये नेऊन ठेवतो. लोकांचे ओठ फुटतात, माझा मशीन-दुरुस्तीचा धंदा चालतो. दुकानासमोरून जाणारा प्रत्येक माणूस, ओळखीचा असो वा नसो, हातात पाना दिसला की 'काम, काम' अशी हाक घालतो. मी 'काम चांगलं' म्हणतो. काम करतोय याची दखल घेतल्याशिवाय इथे कोणी कोणाला ओलांडून जात नाही. पाठशाळेत सात वर्षं संध्या शिकलो, पण दिवसातून चाळीस वेळा काहीतरी न चुकता म्हणायची सवय मला या गावाने लावली.

मामे दुफिए ('मामे' म्हणजे इथली आई) तुम्हाला पत्रांतून ठाऊक आहेच. माझी घरमालकीण, विधवा, शिवणकाम करते आणि मुलींना शिकवते. आमचं अंगण एकच. तिच्या सहा पायमशिनी सकाळी एकदम सुरू झाल्या की मला घड्याळाची गरज पडत नाही. रोज संध्याकाळी एका झाकलेल्या भांड्यातून ती मला काहीतरी पाठवते. बहुधा भोपळ्याच्या बिया वाटून लावलेलं आपल्या अळूच्या फदफद्यासारखं कालवण. माझ्या वाटणीत मासा घालत नाही. 'या माणसाचा देव फार चिकित्सक आहे,' असं मुलींना सांगते.

ऑक्टोबरात मला ताप आला होता. दादाला मी 'किरकोळ' असं कळवलं. तो किरकोळ नव्हता. नऊ दिवस मी अंथरुणावर होतो, त्यातले चार मला आठवत नाहीत. दुफिएने दुकान मुलींवर सोडलं आणि माझ्या उशाशी बसली.

बरा झाल्यावर मी आपल्या घराच्या रीतीप्रमाणे वागलो. एका रविवारी ती चर्चला गेली असताना तिच्या सहाही मशिनी उघडल्या. शटल धुतली, पट्टे बदलले, पायडलच्या सांध्यांत तेल घातलं. एक अक्षर बोललो नाही. आपल्यात आभार मानणं म्हणजे माणसाला पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवणं. करायचं आणि गप्प राहायचं, हाच शिष्टाचार. ती परत आली, मशीन चालवून पाहिली आणि म्हणाली, "छान चालतंय, मास्तर."

दुसऱ्या दिवसापासून भांडं बंद.

पहिला आठवडा मला वाटलं, ती कामात असेल. पाहा, हे कारण मलाही चटकन सुचलं. दादाचा भाऊ शोभतो. डिसेंबर उलटला तरी भांडं नाही. अंगणात समोरासमोर आलो की ती दोरीवरचे कपडे मोजू लागे.

शेवटी गेल्या बुधवारी अग्यारको दुकानात आला. ऐंशीच्या घरातला म्हातारा आहे, गावातली निम्मी भांडणं त्याच्या ओसरीवर मिटतात. इथेही वडीलधाऱ्याला नानाच म्हणतात, तेवढा एक शब्द मला शिकावा लागला नाही.

"मास्तर, वाळलास."

"धुळीने तसं दिसतं, नाना."

"धुळीने माणूस पांढरा होतो, वाळत नाही. दुफिएचं जेवण बंद झालं म्हणे."

"ती कामात असेल."

"ती रागात आहे. नऊ दिवस तिने तुझं केलं. उठून चालायला लागल्यावर सकाळी गेलास का तिच्याकडे?"

"मशिनी दुरुस्त केल्या ना. सहाच्या सहा."

"मशिनींचं कोण विचारतंय? सकाळी गेलास का?"

आता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, वहिनी. इथे कोणी कोणासाठी काही केलं, तर जागेवर आभार मानतातच. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच घरी जाऊन पुन्हा मानतात. साधी सुई बसवून दिली तरी बाया दुसऱ्या दिवशी, मी तोंडात ब्रश धरून उभा असताना, दारात हजर. असे आभार मी सतरा वर्षं घेतले. द्यायची वेळ आली की परदेशी माणूस म्हणून मला सूट मिळत गेली आणि मी पाना उचलत गेलो.

"नाना, आता अडीच महिने झाले."

"सकाळ लागते. तीच सकाळ लागते असं नाही. उद्या जाऊ. बाटली आण."

तेव्हा वेदपाठशाळेच्या या विद्यार्थ्याने मद्याची बाटली विकत घेतली आणि गुरुवारी पहाट फुटताच, धुतलेला सदरा घालून, नानाच्या मागोमाग आपलंच अंगण ओलांडलं. दुफिएने खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं. मग माझ्याकडे न पाहता नानाला विचारलं, "आमच्याकडे सगळं ठीक आहे. वाट चालून आलात, काय काम काढलंत?" वाट म्हणजे बारा पावलं. पण विचारणं विधिवत् झालं पाहिजे, आणि विधीच्या बाबतीत मला नाक मुरडायला जागाच नाही.

नानाने बाटली उघडून पितरांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सोडले. दुफिए चर्चची असल्यामुळे तेवढ्यापुरती तिने दोरीकडे पाहिलं. मग नाना म्हणाला, "हा वासू काही सांगायला आला आहे. सुरुवात मी केली. पुढचं त्याचं त्याने सांगावं. आजारी तो होता, मी नव्हतो."

इथली अट अशी की 'तू माझ्यासाठी खूप केलंस' असं मोघम चालत नाही. काय काय केलं ते एकेक सांगावं लागतं. मी सुरू केलं. पहिल्या दिवशी तू माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवलीस. तिसऱ्या दिवशी मी चादर खराब केली, ती धुतलीस, मी नको म्हटलं तर म्हणालीस, "गप्प पड, चादर माझी आहे." पाचव्या दिवशी मक्याची आंबील चमच्याने भरवलीस आणि मी ती तुझ्या अंगावर ओकलो. सहाव्या दिवशी माझी पाठ दुखत होती, तू खांद्याखाली हात घालून मला कुशीवर वळवलंस.

इथे माझी जीभ थांबली. वाक्यं तयार होती, तोंडातून येईनात. कारण तसंच वळवताना मी आणखी एका बाईला पाहिलं होतं, आणि तेव्हा मी दारात उभा राहून चहा पीत होतो.

कोणी घाई केली नाही. मुलींनी मशिनी अजून सुरू केल्या नव्हत्या. मग दुफिए पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलली.

"मशिनी तू चांगल्या केल्यास. पण मला वाटलं, हा मला परकी समजून मोकळा झाला. आपल्या माणसापासून असं मोकळं होतात का?" थोडं थांबून तिने विचारलं, "तिकडे तुझ्या आईचं कोणी केलं?"

"वहिनीने. अकरा वर्षं."

"तिच्याकडे सकाळी कोण गेलं?"

"आमच्यात जात नाहीत. आमच्यात ते कळतं."

"तिने सांगितलं का तुला, कळलं म्हणून?" नानाने विचारलं.

दुफिए म्हणाली, "माझं एक भांडं तुझ्याकडे राहिलंय. आणून दे." त्या संध्याकाळी ते भरून परत आलं. इथला खटला असा निकालात निघाला.

दुसरा राहिला आहे. मी तीन पानं त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल.

तेराव्याची पंगत उठल्यावर सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुमच्या हातात साडीचं पुडकं ठेवलं आणि म्हणालो, 'घ्या वहिनी, अकरा वर्षांची सक्तमजुरी संपली. हा सुटकेचा आहेर.' लोक हसले. मीही हसलो. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि पत्रावळी उचलायला लागलात. दोन दिवसांनी मी निघालो तेव्हा तुम्ही दह्याची वाटी हातावर ठेवलीत, पण माझ्याकडे पाहिलं नाहीत. आई गेल्याचं दुःख त्या घरात सर्वांत जास्त तुम्हाला होतं, आणि मी त्याला तुरुंगातून सुटणं म्हणालो. मला बोलायचं होतं ते बोलता येईना, म्हणून विनोद केला. हे स्पष्टीकरण आहे, सबब नव्हे.

आत्ता इथे सकाळचे पावणेसात झाले आहेत. तुमच्याकडची दुपारची जेवणं आटोपत आली असतील. आपल्या दोघांची सकाळ एक होत नाही, ही यातली अडचण आहे. तरी मी आलो आहे असं समजा.

तुम्ही आईला रोज दोन वेळा कुशीवर वळवलंत आणि पाठीला पावडर लावलीत. अकरा वर्षांत तिच्या पाठीला जखम झाली नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं, तुम्ही नाही. भाकरी दुधात कुस्करून भरवलीत. तिची वेणी घातलीत, कारण दुसऱ्या कोणाची तिला चालत नसे. पेपरातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचून दाखवल्यात, कारण त्यात तिला रस होता. शेवटच्या वर्षी ती तुम्हाला आपली धाकटी बहीण समजून रागवायची, तेव्हा तुम्ही बहीण होऊन ते रागावणं ऐकून घेतलंत. बालवाडीची नोकरी सोडलीत. भाचीच्या लग्नाला गेला नाहीत. ती माझीही आई होती, आणि मी दर तीन वर्षांनी येऊन महिनाभर तिच्याजवळ बसून गप्पा मारून जात होतो. तिचा लाडका मीच राहिलो, तोही तुमच्याच जिवावर.

वहिनी, तुम्ही हे केलंत. मी पाहिलं होतं.

साडी नेसू नका. कोणाला देऊन टाका.

आता खरी काळजी सांगतो आणि थांबतो. येत्या मे महिन्यात यायचं माझ्या मनात आहे. दादा 'ये' म्हणेल, तो कोणालाही म्हणतो. पण आई गेल्यापासून कुरुंदवाडच्या त्या घरात मी ज्यांच्याकडे येतो त्या तुम्ही आहात, आणि मी यावं असं तुम्हाला वाटत नसेल तर मला दुसरं घर नाही. या गोष्टीची मला भीती वाटते.

तुमचा धाकटा दीर,
वासुदेव