अक्काच्या ओट्यावरचा तास

आई,

काल बुधवार, माझा गटाचा दिवस. इथे देवपुरात एका शाळेच्या वर्गात आम्ही दहाबारा जण जमतो. सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणाची आई, कुणाची बायको, माझ्या सासूबाई. एक निवृत्त नर्सबाई गट चालवतात. नियम एकच: आळीपाळीनं एकानं गटाला यायचं नाही, ज्याच्या घरी मागे बघायला कुणीच नाही त्याच्या माणसाजवळ बसायचं. मी निघाले की सासूबाई त्यांच्या अहिराणीत म्हणतात, "जाय, मी आठेच शे." म्हणजे, जा, मी इथेच आहे. जशा काही त्या उठून कुठे जाणारच होत्या!

पहिले दोन महिने मी तिथे तोंडच उघडलं नाही. मग एकदा एका काकांनी बायकोची हरवलेली कवळी तांदळाच्या डब्यात कशी सापडली ते सांगितलं, आणि मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता मला तूच ऐकू आलीस. फैजपूरला शेजारच्या अक्काच्या ओट्यावर तू अशीच हसायचीस. मी तेव्हा सातवीत होते. आजी खाटेला खिळलेली, तिचं सगळं तुझ्याच अंगावर. दुपारी तिचा डोळा लागला की तू तासभर अक्काकडे जायचीस. त्या दिवशी आजीला लवकर जाग आली, ती पाणी मागायला लागली. मी तिला पाणी पाजतेय आणि भिंतीपलीकडे तू हसतेयस. माझं डोकंच फिरलं. आबा मळ्यातून आल्या आल्या मी सांगून टाकलं, आई आजीला टाकून गप्पा हाणायला जाते. आबा तुला फार काही बोलले नाहीत. "उद्यापासून घर सोडायचं नाही," एवढंच. तू नाही सोडलंस. चार वर्षं, आजी जाईपर्यंत.

त्या दिवशी तू रागावशील म्हणून मी कोपऱ्यात बसून होते. तू नुसती हाक मारलीस, "ये, ते टोक धर." जुन्या लुगड्याची घडी आजीच्या पाठीखाली सरकवून तिला कुशीवर कसं वळवायचं, ते त्या संध्याकाळी शिकवलंस. आधी तिला सांगायचं, मग हात लावायचा, म्हणालीस. चहाडी करणाऱ्या पोरीला एवढ्या मायेनं कोण शिकवतं गं? मी दाखवलं, आणि आज गटातले सगळे तशीच घडी घालतात. हे कुठे शिकलात, असं नर्सबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, 'माझ्या आईकडून.' माझं लग्न ठरलं तेव्हा सगळे मुलाची नोकरी विचारत होते, तू मात्र विचारलंस, शेजार कसा आहे. मी तेव्हा तुला हसले होते. त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि तोवर तुला जाऊन अठरा वर्षं झाली.

हे पत्र कुठे पाठवणार? वहीतच राहील. पण एक सांगते. गटात सगळे तुला फार नावाजतात, चार वर्षं त्या माउलीनं उंबरा ओलांडला नाही म्हणून. मी मान डोलावते. कुणामुळे ओलांडला नाहीस, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.