दुसरी पसंती

बाबा, तुम्ही कॉलेजात शिकवायचात त्या अध्यक्षाचे आईवडील ज्या किनाऱ्यावरून बोटीत बसून अमेरिकेला गेले, तो किनारा माझ्या घरापासून सकाळी निघून संध्याकाळी आरामात परत येता येईल एवढाच लांब आहे. मी अजून गेलेली नाही. डब्लिनपासून लांबच्या ह्या गावात, लेटरकेनीला येऊन इतकी वर्षं झाली. हॉस्पिटल, घर, मुलीची शाळा, परत हॉस्पिटल. तुम्ही असतात तर पहिल्याच रविवारी तिकडे घेऊन चल म्हणाला असतात, आणि तिथल्या वाऱ्यात उभं राहून, कोणी ऐको न ऐको, बोलत सुटला असतात.

शाळेला सुट्टी असली की आई मला तुमच्याबरोबर कॉलेजात पाठवायची. मी शेवटच्या बाकावर. अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर पोरं नाइलाजाने घ्यायची, पण तुमचा तास भरलेला असायचा. तुम्ही सांगताय, गरीब घरातला हा लढवय्या जनरल लोकांच्या जोरावर अध्यक्ष झाला, आणि शपथेच्या दिवशी लोक त्याच्या सरकारी घरात घुसले. चिखलाच्या बुटांनी रेशमी खुर्च्यांवर चढले, काचेची भांडी फुटली, शेवटी दारूची पिंपं बाहेर हिरवळीवर नेली तेव्हा कुठे घर मोकळं झालं. वर्ग हसतोय. मग तुम्ही फळ्यावर आडवी रेघ मारता. वर उत्तर, गिरण्यांची. खाली दक्षिण, कापसाची. बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसला की वरच्यांचं भलं आणि खालच्यांना सगळं महाग. खालचं एक राज्य म्हणतं, हा कायदा आम्ही मानत नाही, वेळ आली तर देशातून फुटून निघू. "आता सांगा, आपला कापूस जायचा कुठे? गिरण्या कुठे होत्या?" मुंबई, मुंबई, असा ओरडा होतो, कारण विदर्भातल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. आणि मग, आवाज अजिबात न चढवता, तुम्ही सांगता की लोकांच्या ह्याच लाडक्या माणसाने आदिवासी जमातींना त्यांच्या जमिनीवरून पश्चिमेला हाकलायचा कायदा केला, थंडीत चालता चालता माणसं मेली, आणि त्यांच्या जमिनीवर कापूस उभा राहिला. पुढच्या बाकावरची एक मुलगी विचारते, "सर, मग तो चांगला होता का वाईट?" तुम्ही खडू झटकता. "कोणासाठी, ते सांग ना बाप्पा."

वेगळ्या विदर्भाच्या सभेत तुम्हाला बोलायला बोलावलं ते ह्याच तासामुळे. तेव्हा मी अकरावीत होते, तुमच्या मागे बाजूच्या खुर्चीवर बसले होते. आपला कापूस, त्यांच्या गिरण्या, इथपर्यंत टाळ्याच टाळ्या. मग तुम्ही म्हणालात, "तक्रार खरी आहे आपली. तिकडच्या दक्षिणेतल्या जमीनदारांचीही करापुरती खरी होती. पण त्यांच्या भाषणांत कापूस वेचणारा गुलाम कुठंच नव्हता. सकाळपासून इथं एवढी भाषणं झाली. वेचणीला जाणाऱ्या बायांबद्दल कोणी एक शब्द बोललं का?" कोणीतरी माइक बंद केला. तुम्ही तसेच बोलत राहिलात, आणि मागून आवाज आला, "सरांची बायको साताऱ्याची आहे, ते दुसरं काय बोलणार!" सगळा मांडव हसला. रेशमी खुर्च्यांच्या गोष्टीला वर्ग हसायचा तसाच.

घरी आल्यावर आईने विचारलं, कशी झाली सभा. "झाली," तुम्ही म्हणालात, "लोकांनी ऐकून घेतलं." आईने भाकरी वाढली, वर लोणी घातलं. मला ते खोटं सहन झालं नाही, मी म्हटलं, "मूर्ख आहेत सगळे." तुम्ही हातातला घास ताटात ठेवला. "मूर्ख म्हणायचं नाही. खरी तक्रार असलेला माणूस मूर्ख नसतो. तो कोणाच्या मागं जाईल, ते फक्त सांगता येत नाही." मग जेवलात. त्यानंतर तुम्हाला कुठल्याही सभेला बोलावणं आलं नाही, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेचा पेपर दुसऱ्या सरांकडे गेला. तुम्ही त्याबद्दल एकदाही बोलला नाहीत.

तुम्हाला डोनेगल आवडलं असतं. ह्या अख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ट्रेन नाही. डब्लिनचं नाव निघालं की इथले लोक तोंड करतात, आपल्याकडे मुंबई-पुण्याचं नाव काढल्यावर करायचे तसं. आमच्या रस्त्यावर टायरचं दुकान असलेला एक माणूस राहतो. मागच्या हिवाळ्यात माझी गाडी बर्फात रुतली तेव्हा त्यानेच दोर लावून ओढून काढली. यंदा तो काउंटी कौन्सिलला उभा राहिला. पावसात भिजत दारात आला आणि म्हणाला, "डॉक्टर, ह्यांच्या नकाशात आपण नाहीच. रस्ते नाहीत, घरं नाहीत, आणि आता बंद पडलेल्या हॉटेलात आश्रय मागायला आलेल्या परक्यांना आणून ठेवणार म्हणतात, कोणाला न विचारता." बोलता बोलता त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं. "तुमच्याबद्दल नाही हं हे. तुम्ही ग्रँड आहात." ग्रँड म्हणजे इथे बऱ्या, चालणाऱ्या. मी त्याला चहा विचारला. तो बूट काढून आत आला, चहा पिऊन गेला. दुसऱ्या कुठल्याच पक्षाचं कोणी आमच्या दारात आलं नाही.

नंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी मुलीला स्विमिंगहून घेऊन येत होते. त्या बंद हॉटेलच्या वळणावर लोकांनी रस्ता अडवलेला. फलक, मुलांना कडेवर घेतलेल्या बायका, फ्लास्कमधून चहा ओतणारे म्हातारे. माझ्या पुढची गाडी त्यांनी परत फिरवली. आत दोन काळी माणसं होती, बहुतेक कामावर निघालेली. गर्दीतल्या एकाने गाडीच्या टपावर जोरात हात आपटला. मग ते माझ्या काचेशी आले, वाकून माझा चेहरा बघू लागले. मुलगी सीटला घट्ट चिकटली. तेवढ्यात टायरवाला गर्दीतून पुढे आला, "अरे, ही आपली डॉक्टर आहे, सोडा तिला," म्हणाला, आणि माणसं दोन्ही बाजूंना सरकली. कोणीतरी हातसुद्धा हलवला. घराजवळ आल्यावर मुलीने तिच्या त्या इथल्या इंग्रजीत विचारलं, आपल्यालाच का जाऊ दिलं? मी मराठीत म्हटलं, "ते ओळखतात आपल्याला." घरी येऊन खिचडी टाकली. भीती वाटायला हवी होती, राग यायला हवा होता. मी कुकरच्या शिट्ट्या ऐकत उभी राहिले. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हाही अशीच उभी होते, आणि मग ड्यूटी पूर्ण केली होती. हल्ली बहुतेक दिवस असेच जातात. पेशंट बरे होतात, काही होत नाहीत, मी दोन्ही सारखंच लिहून ठेवते.

इथे नागरिक नसलेल्यांनाही काउंटीपुरतं मत असतं. एकाच नावापुढे शिक्का मारायचा नाही, एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे पेन्सिलीने लिहायचे. प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये, मुलांनी रंगवलेल्या मेंढ्यांच्या चित्रांखाली मी मत दिलं. मोजणी लांबली. टायरवाला शेवटच्या फेरीत निवडून आला, हरलेल्यांच्या मतांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंत्या त्याच्याकडे वळल्यावर. परवा तो हॉस्पिटलात, आमच्या वॉर्डात असलेल्या त्याच्या आईला भेटायला आला होता. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "माझं नाव होतं ना तुमच्या कागदावर?" मी म्हटलं, गुप्त मतदान असतं. तो मोठ्याने हसला आणि आईच्या उशा नीट करायला वळला. ते हॉटेल अजून बंदच आहे. त्या दोन माणसांचं काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

बाबा, हे आईला फोनवर सांगितलं नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. पहिली पसंती मी दुसऱ्या कोणालातरी दिली, बरी वाटलेली एक बाई होती. दुसरी त्याला दिली. घाबरून नाही. तो चहा पिऊन गेला म्हणूनही नाही. त्या संध्याकाळी पुढची गाडी मागे फिरली, माणसं बाजूला झाली आणि मी त्यांच्यामधून गाडी काढली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. कित्येक महिन्यांत तेवढंच काय ते वाटलं होतं.