बाबांनी सोफ्याला तेल पाजलं

३० मार्च, सोमवार

सोफा आला. साहेबाचा! बाबा ज्यांच्या बंगल्यावर वांगी-मेथी पोचवायचे ते साहेब बदली होऊन गेले आणि जाताना सोफा बाबांच्या गळ्यात मारून गेले. बाबांना वाटतं, हार घातला. तपकिरी, ढेरपोट्या, असली कातड्याचा. दारातून आत जाईना. शेवटी चौकट उपटली. आई म्हणाली, "त्यापरीस घरच काढून ठेवा बाहीर."

बाबांचा हुकूम सुटला – "कोनी बसू नोका. पाहुन्यासाठी हाय."

२ एप्रिल

अख्खी गल्ली सोफा पाहून गेली. बसू कुणालाच दिलं नाही.

५ एप्रिल, रविवार

पाहुणे ठरले. २६ तारखेला मानोऱ्याहून पवनच्या घरचे मला पाहायला येणार. पवन औषध कंपनीत आहे, मी रक्त तपासते त्या लॅबमध्ये येत असतो. दीड वर्षापासून आमचं ठरलंय. मला तोच हवा, दुसरा कुणी नको. पण घरात 'स्थळ आलं' असंच दाखवायचं, म्हणून मी खाली मान घालून लाजायची प्रॅक्टिस करते आहे. जमत नाही फारसं.

९ एप्रिल

काय ऊन! पत्रे तापतात आणि सोफ्याचं कातडं आवळतं. हात टेकायच्या जागी बारीक भेगा पडल्यात. बाबांचा जीव खालीवर. मागे मला टायफॉइड झाला होता तेव्हा म्हणाले होते, "लॅबमंदीच हायेस ना, पाह्य तुयं तूच."

मी म्हटलं, चामड्याला लावायचं क्रीम मिळतं बाटलीत, मागवते. तर भडकलेच. "तुहा आजा जोड्याले तेल पाजे तं दहा वर्सं जोडा हाले नाही. तू मले कातडं शिकवून राह्यली काय?"

आजोबांचा जोडा नांगरामागं चालायचा. त्याच्यावर कुणी पाहुणे बसवत नव्हतं. हे मी बोलले नाही. इथंच लिहिते.

१० एप्रिल

पाजलं. जवसाचं. अख्खा डबा. घरभर चटणीचा वास.

१३ एप्रिल, सोमवार

जवस मुरलं नाही. वर चिकट साय धरून बसलंय. त्याच्यावर शेतातली धूळ, आईचे केस, एक माशी. आई मुद्दाम जाऊन बसली. उठताना लुगडं टर्रर्र! "सोडून नाही राह्यला वो मले. जावई भेटावा त असा!" आणि खो खो हसत सुटली.

बाबांनी रात्री जेवताना आमच्याकडे पाहिलंही नाही.

१९ एप्रिल

मी मागवलेलं क्रीम चार दिवसांपूर्वी आलं एकदाचं. लॅबमधून आल्यावर रोज माझी हीच ड्यूटी. कोमट पाण्यात नावाला साबण, मऊ फडका घट्ट पिळून घ्यायचा, कातडं भिजू द्यायचं नाही, लगेच कोरड्यानं पुसायचं. जवस काही सुखासुखी निघत नाही, नखं काळी झाली. मग क्रीम चिमूटभर घेऊन गोल गोल चोळायचं, मुरू द्यायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. सोफा खिडकीच्या उन्हातून सरकवला, कूलरच्या तोंडासमोरूनही हलवला. माझ्या तोंडाला मी स्वतः इतकं कधी चोळलं नाही.

कातडं मात्र मऊ झालं. भेगा दिसेनाशा झाल्या. बाबा दारात उभं राहून शेजाऱ्याला सांगत होते, "मीच म्हटलं पोरीले, कातड्याले असं जपा लागते." घ्या!

२६ एप्रिल, रविवार

आले. पवन, त्याचे वडील पंजाबराव आणि आत्या हौसाबाई. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ. बाबांनी सोफ्यावर थाप मारली, "बसा जी. असली लेदर हाय, साहेबाच्या बंगल्यातला!"

आत्या उभीच.

"कायचं कातडं हाय हे? गाईचं त नाही?"

बाबांनी ते साहेबांना कधी विचारलंच नव्हतं. पंजाबराव अर्धे बसलेले तसेच उठले. पवन मोबाईल पाहत होता. मी ट्रे धरून दारात. वाटलं, संपलं आपलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "रेक्झिन हाय जी आत्याबाई. उगा फुशारकी मारली. आमी भाजीपाल्यावाले मानसं, आमच्या घरी असली कुठून येते?"

महिनाभर गल्लीत असली-असली करत मिरवलेला माणूस! शेजारचे दोघं खिडकीशी होते, त्यांनीही ऐकलं. मला बाबांची इतकी माया आली की पहिला चहा त्यांच्याच पुढं धरला.

"मंग ठीक हाय," म्हणून आत्या बसली. दोन वाट्या चिवडा खाल्ला. म्हणाली, "आजकालचं पिलास्टिक बी मऊ येते बापा."

२७ एप्रिल

बाबा आज गल्लीतून खाली मान घालून मळ्यात गेले.

२९ एप्रिल, बुधवार

होकार आला!! आई साखर वाटत सुटली.

संध्याकाळी पंजाबरावांचा पुन्हा फोन. बाबांनी स्पीकरवर लावला. "पोरगी पसंत हाय. हुंडा-गिंडा आमाले काई नको. पवनच्या फ्लॅटात सोफा तेवढा द्या. पन तुमच्यासारखा रेक्झिनचा नोका देऊ, लोकं हासतीन. असली लेदरचा द्या."

"अन् आत्याबाई?" बाबांनी विचारलं.

"ते गावाकडं राह्यते. तिले कोन सांगते?"

बाबा म्हणाले, "पाहतो जी."

मी पवनला फोन केला. "एक सोफाच तर मागितला, राखी. बाबांपुढं मी काय बोलू?" मी म्हटलं, माझे बाबा तुझ्यादेखत काय बोलले, ते ऐकलंस ना? तर म्हणे, "ते जाऊ दे ना आता."

१ मे

बाबा सकाळी सोफ्याच्या दुकानात निघाले होते. त्यांना दारातच थांबवलं आणि पंजाबरावांना मीच फोन लावला. "काका, मला मुलगा पसंत नाही." दिवसभर रडले. पण नाही पसंत.