ढिल्या स्टिअरिंगचा टीव्ही

चि. धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि थोडासा रागही. तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

पत्रास कारण टीव्ही. यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता सहा महिने होतील. हाताला चालना मिळावी म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम लावून दिला. तीस वर्षं बस चालवून कुणाच्या आरशालाही न घासलेला हा माणूस रोज गाडी भिंतीवर आपटू लागला. बटण दाबलं की गाडी उशिरानेच वळायची. मग टीव्हीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत (तो माझ्या माहेरून आलेला, हे विसरू नकोस) हे तासभर खेळायचे. मला वाटलं, टीव्हीच सुस्त असेल, म्हणून तुझा सल्ला घेतला. इथेच चुकलं.

पडद्याच्या वेगाचं तू लिहून दिलेलं हर्ट्झ-बिर्ट्झ मी दुकानात विचारलं. विक्रेत्याने ते खोक्यावरून वाचून दाखवलं (वाचता मलाही येतं). प्रत्येक टीव्हीवर नुसते पोपट आणि धबधबे. शेवटी मी पिशवीतून गेमचं यंत्र काढलं, जोडायला लावलं आणि चार टीव्हींवर स्वतः गाडी ठोकून पाहिली. गिऱ्हाइकं गोळा झाली. पाचव्यावर त्याने रिमोटवरून गेम मोड लावला (त्याने चित्र मागे रेंगाळत नाही म्हणे), आणि बटण दाबताक्षणी गाडी वळली. तोच घेतला.

घरी यांची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीवर. पुन्हा भिंतीवर. टीव्हीला बोल लावायला जागाच उरली नव्हती. हे नुसते आपल्या हाताकडे बघत बसले. दोन दिवस खेळले नाहीत, जेवलेही अर्धंच. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप गेम मोड बंद केला आणि एकदा बघा तरी म्हटलं. गाडी उशिरा वळली. "हाही ढिलाच की!" म्हणून ओरडले आणि दीड तास खेळले.

तुझी ताई

ता. क. रविवारी येशील तेव्हा हे तुझ्या सल्ल्यावरून तुला फाडून खातील. खाली मान घालून ऐक आणि आपलं चुकलं म्हण. रिमोटला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच यांनी हाक मारली. एक वळण अलगद घेतलं, मग दुसरं. स्टिअरिंग ढिलं असलं की आधीच वळवायचं, तीस वर्षं तेच केलं, म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. तू मात्र चुकलास ते चुकलासच.