घोडा कुणावर गेलाय

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. पुढे जे चार मानाचे शब्द लिहायचे असतात ते मला शाळेतही धड लिहिता आले नाहीत, तेव्हा ते तू मनाने घालून घे. इकडे सगळे बरे आहेत. तुझा डोळा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलंय तसं वाग. वाकू नकोस, डोक्यावरून पाणी घेऊ नकोस, टीव्हीवरच्या सुनांचे हाल बघून रडू नकोस, आणि पट्टीच्या कडेने हळूच कपाटावरची धूळ शोधत बसू नकोस. मी तुला ओळखते. धूळ कुठे पळून जात नाही.

तू म्हणशील, फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते. कारण तू फोन उचलतेस, स्पीकरवर टाकतेस आणि टेबलावर ठेवून देतेस. मग बोलायचं मी तुझ्याशी आणि मध्ये मध्ये खाकरायचं भाऊजींनी. आणि आता जे सांगणार आहे ते भाऊजींच्या कानावर मुळीच जाता कामा नये. म्हणून कागद घेतला. काम झालं की फाडून टाक. (गादीखाली ठेवू नकोस. गादी उन्हात टाकायची झाली की तुझ्या घरी ती भाऊजीच उचलतात.)

तर झालं असं. आमच्या चौकात पोरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी आमच्या मिस्त्रींना एक बाक करायला सांगितला. (नवऱ्याला मिस्त्री म्हणते म्हणून हसू नकोस, सगळा रस्ता म्हणतो, मी एकटी वेगळं काय म्हणू?) दवाखान्यात बाहेरच्या खोलीत पोरं सुईच्या भीतीने भोकाड पसरून बसतात, तिथे ठेवायचा. मध्ये आयांना बसायला फळी, आणि दोन्ही टोकांना घोड्याचं एकेक तोंड. म्हणजे दोन पोरं घोड्यावर बसतील आणि बाकीची घोडा मिळाला नाही म्हणून रडतील, पण ते रडणं वेगळं. बाई म्हणाल्या, घोडा तुमच्या मनाने करा. ताई, आमच्या माणसाला हे कधी सांगू नये. नव्या चपला घ्यायला गेले तर डावी एका दुकानात आवडते आणि उजवी दुसऱ्या. त्यात दवाखान्याला रंग लागतोय, तो वाळेपर्यंत बाक हवा. नाही झाला तर बाई बाजारातून प्लास्टिकचा घोडा आणणार आहेत. लालभडक आहे आणि शेपूट पिळली की गाणं म्हणतो. मिस्त्री स्वतः दुकानात जाऊन त्याची शेपूट पिळून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

आता या दोघा साडूंची काम करायची पद्धत तुला काय सांगायची, पण सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. भाऊजींनी खडूने फळीवर काहीतरी काढायचं. मिस्त्रींनी म्हणायचं, हे काय काढलंय, आणि बाहीने पुसून टाकायचं. मग मिस्त्रींनी काढायचं, भाऊजींनी खालचा ओठ लोंबवून लांबून बघायचं आणि म्हणायचं, ‘गाढव झकास आलंय, पण गिऱ्हाइकाने हरीण मागितलं होतं.’ मग जुंपायची. आणि जी नक्षी पुसता पुसता दोघांच्या बाह्या पांढऱ्या व्हायच्या, घसे बसायचे आणि तरीही फळीवर उरायची, ती लाकडावर जायची. इतकी वर्षं दुकान असंच चाललं. मला वाटायचं, काय ही रोजची कटकट. आता कळतंय, ती कटकट म्हणजेच दुकान होतं.

पुढचं तू जाणतेसच. सागवानी पलंग झाला, त्याला भाऊजींनी गडद पॉलिश मारलं. मिस्त्री म्हणाले, लाकूड आहे का बूट? भाऊजी म्हणाले, तुझे सांधे झाकायचे तर एवढं गडद लागतंच. संपलं. एकाने ब्रश उचलून घर गाठलं, दुसऱ्याने मागे दार लावून घेतलं. ज्याचा पलंग तो मजेत त्याच्यावर घोरतोय आणि झोप उडालीये ती या दोघांची. तुझे सकाळी उठून गच्चीवरच्या कुंड्यांना पॉलिश करतात हे तूच सांगितलंस ना? कुंड्यांना! आणि माझे इथे घोडे काढतात.

पहिला घोडा काढला तो उधळलेला. मानेवरचे केस असे भाल्यासारखे मागे, की त्याच्यावर बसलेल्या पोराचा डोळा गेला असता आणि बाईंना डोळ्यांचा दवाखाना वेगळा काढावा लागला असता. दुसरा घोडा शांत. इतका शांत, की तोच तपासून घ्यायला आलाय असं वाटत होतं. तिसरा हसरा काढला. सगळे दात दाखवून. घोड्याने हसू नये, ताई. काही जनावरांनी आपली पायरी सांभाळून असावं.

प्रत्येक घोडा घेऊन शेजारच्या शिंप्याकडे जायचं. त्याला सगळे छानछान म्हणतात, कारण त्याने आजवर कशालाच वाईट म्हटलेलं नाही. (माझ्या ब्लाउजची बाही उलटी लावली आणि वर मला म्हणतो, छान, छान, हात मागे घेतला की बरोबर बसते.) उधळलेला छान. आजारी छान. हसरा तर फारच छान. मिस्त्री परत आले आणि कागद आपटून म्हणाले, ‘या छानचं मी काय करू? रंधा मारायला काहीतरी वर आलेलं लागतं ना!’

मग म्हटलं, मीच नावं ठेवते. त्यात आपला हात कोणी धरणार नाही. मी म्हटलं, याचे पाय वाकडे आहेत. तर म्हणाले, पाय काढलेलेच नाहीत, ही मान आहे. मी म्हटलं, मग मान वाकडी आहे. तर म्हणाले, तुला यातलं काय कळतं. मी म्हटलं, कळत नाही तर समोर नाचवता कशाला. भांडण चांगलं पेटलं, पण त्यातून घोडा काही निघेना. नवराबायकोच्या भांडणात लाकूड राहतं बाजूला आणि विषय पोचतो माझ्या आईपर्यंत. आपल्या आईला घोड्याशी काय देणंघेणं? पण पोचला.

शेवटी मी म्हटलं, चला, खरा घोडा बघून येऊ. मैदानावर एक घोडेवाला पोरांना फेऱ्या मारून आणतो, तिथे गेलो. मी पिशवीत गाजरं घेतली, यांनी मोजपट्टी घेतली आणि खिशात सगळे काढलेले कागद. घोडेवाला म्हणाला, बसणार कोण? मी म्हटलं, बसणार कोणी नाही, याचं तोंड मोजायचंय. तो आमच्याकडे असा बघायला लागला की जणू आम्ही घोड्याला टोपी शिवणार आहोत. मी पुढून गाजर धरून उभी, हे बाजूने कानापासून नाकपुडीपर्यंत पट्टी लावून उभे, आणि मागे फेरीसाठी थांबलेली पोरं आम्हाला नावं ठेवतायत. तेवढ्यात गाजर संपलं. घोड्याने मान वळवली, मिस्त्रींच्या खिशात तोंड घातलं आणि शांत घोडा खाल्ला. मग हसरा खाल्ला. उधळलेला घोडा तोंडात घेतला, जरा चावला आणि थूः करून खाली टाकला.

मला वाटलं आता हे चिडणार. तर कितीतरी महिन्यांनी हा माणूस पोट धरून हसला, ताई. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला म्हणाले, ‘बघितलंस? याला कळतं!’ घरी येईपर्यंत तेच चाललं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या माणसाला घोडा नकोय, थुंकणारा हवाय. पण मला पायात गोळा आला होता आणि ब्लाउजच्या त्या उलट्या बाहीला घोड्याची लाळ लागली होती, त्यामुळे डोकं चाललं नाही.

त्यानंतर कागद बंद. सरळ लाकूड घेऊन दार लावून बसले. मी विचारलं, बाईंना आधी दाखवायचंय ना? तर आतून नुसता ठक ठक आवाज. काल दिवे लागायच्या वेळेला मी चहाचे दोन कप घेऊन गेले. खोलीत अंधारलेलं होतं. खिडकीपाशी कोणीतरी बसलेलं दिसलं, लांब हनुवटी, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, खालचा ओठ लोंबलेला, आणि बघणं असं की आता काहीतरी खोड काढणार. माझ्या तोंडून निघालंच, ‘अगं बाई! भाऊजी, कधी आलात? चहात साखर आहे हं, तुमचा वेगळा करते.’

उत्तर नाही. मला रागच आला. म्हटलं, एवढं लांब आले आणि अजून फुगलेलेच! बोलायचं नव्हतं तर यायचं कशाला? हे मी मनात नाही, मोठ्याने म्हटलं. मग यांनी दिवा लावला.

घोडा होता.

मी म्हटलं, हे भाऊजी आहेत. ते म्हणाले, घोडा आहे. मी म्हटलं, मग घोड्याच्या नाकावर चष्म्याचा वळ कशाला? म्हणाले, लाकडाची गाठ आहे. मी म्हटलं, दोन्ही बाजूंना सारखी? त्यावर त्यांनी एक कप चहा प्यायला, मग दुसराही प्यायला आणि घोड्याकडे बघत म्हणाले, ‘ओठ अजून जमलेला नाही. समोर असल्याशिवाय जमायचा नाही.’

आज डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, उत्तम आहे, पण याला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं, आणि याच्यासमोर उभं राहिलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. त्यांच्या बरोबरची मुलगी रडत होती, ती घोड्याकडे बघून गप्प झाली आणि फ्रॉक सारखा करून उभी राहिली. तेव्हा घोडा पसंत आहे, लाल शेपटीवाला आता येत नाही. राहिलं पॉलिश. मिस्त्रींनी स्वतः एका तुकड्यावर फिकं मारून बघितलं. तो कावीळ झालेला घोडा दिसत होता. खूप वेळ बघत बसले आणि मग माझ्याकडे पाठ करून म्हणाले, ‘गडद हवं.’ मी म्हटलं, काय म्हणालात? तर म्हणाले, काही नाही, खोकला आला.

असो. एवढंच कळवायचं होतं. मला काही मागायचं नाही. मागायची सवय आपल्या घरात कोणालाच नाही. डोळ्याला जप.

तुझी,
धाकटी

ता.क. मागत नाही, पण सुचवते. भाऊजींना इकडे पाठव. पण घोडा, पॉलिश, मिस्त्री यातलं काही बोलू नकोस. एवढंच म्हण, की धाकटीच्या कपाटाचं दार लागत नाही आणि ती दुसऱ्या कुठल्यातरी सुताराला बोलावतेय. कशा भराभर चपला घालतात ते बघ. ब्रशही घेऊन यायला सांग. (दार छान लागतं. मी उद्या बिघडवते.)

ता.क. दुसरं. तोंडाचं तर चुकूनसुद्धा बोलू नकोस. आपला चेहरा घोड्याला लागलाय म्हटल्यावर कोण येईल?

ता.क. तिसरं. लिफाफा चिकटवला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्या एका डोळ्याला पट्टी आहे आणि दुसऱ्याने तुला अक्षर लागत नाही. तू हे वाचणार कशी? म्हणजे पहिल्या ओळीपासून हे भाऊजीच मोठ्याने वाचून दाखवतायत. हात मोडला तरी मी एवढं सगळं पुन्हा लिहीत बसणार नाही, लिफाफा फोडला तेवढा पुरे.

तर भाऊजी, नमस्कार. ओठाचं जे लिहिलंय ते खरं आहे, आत्ताही लोंबत असेल, हात लावून बघा. कपाटाचं कारण तर आता गेलं, म्हणून खरं ते सांगते. बाकाचं दुसरं टोक कोरं आहे. मिस्त्री त्याला हात लावू देत नाहीत. त्याच्यासमोर तुमचं जुनं स्टूल पुसून ठेवलंय आणि त्याच्यावर खडू. मी विचारलं, तर म्हणाले, ‘त्यांनाही काढू दे की एक घोडा. माझा.’ नाक हवं तेवढं काढा. कान मात्र आहेत तेवढेच पुरेत, नाहीतर टोक पुरायचं नाही. चहा बिनसाखरेचा ठेवते.

आणि हे शेवटचं ताईला वाचून दाखवू नका. ती रडेल, आणि डॉक्टरांनी डोळ्यांतून पाणी काढायला मनाई केलीये.